धारेआधीचा लसूण

ठमी गेली त्या दिवसापासून थोरलीच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली होती. दिराच्या तोंडून एक वाक्य काढायचं. "माझ्या भुकटीने तुमची गाय मेली, वहिनी." बस, एवढंच. चारचौघांत, मोठ्याने. माफीबिफी तिला नको होती. माफी मागायला काय लागतं हो, जीभ हलवली की झालं. तिला ते वाक्य हवं होतं, आणि ते मिळेपर्यंत तिच्या घशाखाली घास सुखाने उतरणार नव्हता.

दीर म्हणजे नवऱ्याचा धाकटा भाऊ. बाजाराच्या रस्त्यावर त्याचं गुरांच्या खाद्याचं दुकान होतं आणि लोक त्याला भुकटीशेठ म्हणायचे. तोंडावर शेठ, पाठीमागे नुसता भुकटी. त्याच्या दुकानातली ती हिरवट भुकटी मुळात सासूबाईंची. मेथीदाणे, बडीशेप, सुंठ, जवस आणि दोन-तीन पाले, सगळं सावलीत खडखडीत वाळवून भरडलेलं. धार काढून झाली की सासूबाई त्यातली मूठभर गाईच्या आंबोणात, म्हणजे भिजवलेल्या पेंड-भुशात, कालवायच्या. गाय पेंड-भुशाचा कण ठेवायची नाही, निवांत रवंथ करायची, आणि व्याल्यावरही तिच्या बरगड्या मोजता यायच्या नाहीत. थोरली हे सगळं त्यांच्या हाताखाली शिकली. दीर मात्र जन्मात कधी गाईखाली बसला नाही. गोठ्यात आला तरी नाकाला रुमाल. सासूबाई गेल्या आणि याच गृहस्थाने तीच भुकटी पिशव्यांत भरून विकायला काढली. पिशवीवर फोटो छापला, तोही स्वतःचा. गाईचं कुठे नावनिशाण नाही.

थोरलीला त्याचंही काही नव्हतं. वीक बाबा, पोट भर. पण वाळवायचाही कंटाळा? हा माणूस पाला ओलसर असतानाच दळायचा आणि पोती ओल आलेल्या भिंतीला टेकवून रचायचा. त्यातलंच एक पोतं त्याने "घरचंच आहे, राहू द्या" म्हणत थोरलीच्या गोठ्यात पाठवलं. थोरली तेव्हा तापाने फणफणली होती, गोठा नवऱ्याकडे होता. नवरा म्हणजे देवमाणूस! दुसऱ्यांसाठी बरा, घरच्यांसाठी ताप. त्याने पोतं उघडलं, हात न घालता घमेल्यात ओतलं आणि गाईपुढे ठेवलं.

ठमीने चारा सोडला. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले आणि विचारलं, "खाण्यात काही बदल? नवीन पोतं वगैरे उघडलंय का?"

दीर तिथेच दाराशी उभा होता. "छे हो डॉक्टर. ताजा माल आहे, माझ्या हातचा."

डॉक्टरांनी मग दुसऱ्याच आजाराचं औषध सुरू केलं. आणि हा शहाणा भावाला वर सल्ला देतो, "दादा, भुकटी जरा वाढव, अंगात ताकद येईल." दादाने वाढवली. का नाही वाढवणार, भाऊ सांगतोय ना! ठमी बसली ती उठलीच नाही. थोरली भिंत धरत गोठ्यात आली, तिने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तर तळाशी ओलसर गोळे आणि त्यांवर करडी बुरशी. डॉक्टरांना तिने तो गोळा दाखवला. "हे मला पहिल्या दिवशी कळलं असतं तर," एवढंच ते म्हणाले.

दिराला विचारलं तर म्हणतो, "पोतं तुमच्या गोठ्यात भिजलं असणार. तुम्ही आजारी, लक्ष कोण देणार?" नुसतं घरात नाही, डेअरीतही तेच सांगत सुटला. दूध घालायला आलेली माणसं मान डोलवायची, आणि थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. वर कडी म्हणजे ठमीची कालवड, चिंगी, तीही हा घेऊन गेला. "वहिनींना आता झेपत नाही." नवऱ्याने दावं सोडून हातात दिलं. "भाऊच आहे गं, परका का आहे?"

चिंगी तिकडे वाढली, व्याली, तिचं वासरू मोठं होऊन दूध पिण्यातून सुटलं, आणि सगळ्या वाडीत तिच्यासारखं दूध कुणाच्या गाईला नाही असा दिराने गवगवा केला. तिचं सगळं करायची ती धाकटी, त्याची बायको. बिचारी गुरं नसलेल्या घरातून आलेली. आंबोण किती भिजवायचं, आचळं कशी धुवायची, धारेला अंगठा कसा दुमडायचा, सगळं तिला थोरलीनेच शिकवलं होतं. थोरली तापात असताना कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायला हीच बसली होती, आणि ठमी गेली तेव्हा तिच्या मानेवर डोकं ठेवून रडली होती तीही हीच.

असो. तर यंदा दूध संघाने टूम काढली. ज्याच्या गाईचं दूध चवीला सरस, त्याचं वनस्पतींचं पूरक खाद्य संघ आपल्या सगळ्या गोठ्यांना घ्यायला सांगणार. बाहेरून परीक्षक येणार, बाटल्यांवर नाव नसणार. थोरलीने आपल्या दुसऱ्या गाईसाठी नाव दिलं तेव्हा डेअरीच्या ओट्यावर बसलेला दीर मोठ्याने हसला.

"वहिनी, कशाला उगाच? माझं चिंगीचं दूध हरलं ना, तर चिंगी आणून तुमच्या दावणीला बांधतो. सगळ्यांदेखत सांगतो."

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" थोरली म्हणाली. "पुढे कुणी कानावर हात ठेवू नका."

त्या दिवसापासून तिचा डाव शिजायला लागला. दूध म्हणजे महाचहाडखोर. गाईने धारेच्या आधी उग्र काही खाल्लं की ते घटकाभरात दुधात उतरून आपलं नाव सांगतं. म्हणून तर सासूबाई भुकटीसुद्धा धार झाल्यावरच द्यायच्या. गाईखाली बसणाऱ्या बाईला हे माहीत असतं. दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या पुरुषाला माहीत असायचं काही कारण नाही. शिवाय त्याच्या घराच्या मागच्या खोलीतच दळणयंत्र. सकाळ-संध्याकाळ मेथी आणि सुंठेचा धुरळा. बोलायला हा नाकाने कांदे सोलणार, पण नाक कधीच कामातून गेलेलं, त्याचंही आणि त्याच्या बायकोचंही.

आता एवढंच करायचं होतं की त्याने विचारायला यावं. तो स्वतः कसला येतो! त्याने धाकटीला पाठवलं. ती आली, उंबऱ्यातच बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सरळच विचारलं.

"ताई, स्पर्धेला तुम्ही गाईला काय देणार हो? यांनी विचारायला सांगितलंय. मी असं आडून-आडून विचारायला हवं होतं, पण मला नाही जमत."

थोरलीला हसू आलं. आणि हसू आलं तशी जीभ अडली. तिने गोठ्याकडे पाहिलं. ठमीचा खुंटा रिकामाच होता, तिथे दुसरी गाय बांधू दिली नव्हती तिने.

"कुणाला सांगणार नसशील तर सांगते. लसूण. चांगला ठेचून आंबोणात घालायचा. आदल्या संध्याकाळी एकदा आणि स्पर्धेच्या सकाळी एकदा. धारेच्या आधी."

"आधी? आपण तर सगळं धार झाल्यावर देतो ना?"

"ते रोजचं झालं. स्पर्धेचं वेगळं. आधी दिला की दुधाला गोडी येते."

"खरंच ना, ताई?"

"मी तुला कधी खोटं सांगितलंय का?"

आणि हे अगदी खरं होतं हो. तोवर एकदाही सांगितलं नव्हतं.

स्पर्धेच्या सकाळी डेअरीच्या अंगणात ही गर्दी! मांडलेल्या टेबलावर बाटल्या, बाटल्यांवर नुसते आकडे. परीक्षक बाई एकेक बाटली उघडायच्या, हुंगायच्या, घोट घेऊन तोंडात घोळवायच्या. थोरलीच्या दुधाला त्यांनी पसंतीने मान डोलावली. पुढची बाटली उघडली आणि बाई हुंगता हुंगताच मागे सरकल्या. तरी कर्तव्य म्हणून एक घोट घेतला, तो तसाच बाजूच्या भांड्यात थुंकला आणि रुमालाने ओठ पुसले.

"हे दूध आहे की फोडणी? यात नुसती भाजी टाकायची राहिलीय."

अंगण हसून लोटपोट झालं. आकडा वाचला गेला, मागोमाग नाव वाचलं गेलं आणि पुन्हा हशा पिकला. भुकटीशेठचं तोंड बघण्यासारखं झालं. थोरलीने ते डोळे भरून पाहून घेतलं, अगदी पुरवून पुरवून. मग तिला दिसलं की तो तिच्याकडे बघतच नाहीये. तो बायकोकडे बघत होता. "घरी चल, मग बघतो तुला," तो दातओठ खात म्हणाला. थोरलीने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

संघाच्या व्यवस्थापकांनी त्याला त्याच्या शब्दाची आठवण करून दिली. दुपारी त्याचा गडी चिंगीला घेऊन आला, मागून तोही आला, कारण माणसं बघत होती ना. त्याने दावं थोरलीच्या हातात दिलं.

"भाऊजी, एक वाक्य राहिलं."

"कसलं वाक्य?"

"ठमीचं."

"गाय मिळाली ना? आता काय माझी कातडी हवीय?" आणि तो हसला. बरोबरची माणसंही म्हणाली, "जाऊ द्या ना वहिनी, जिंकलात की तुम्ही." नवरा तर म्हणालाच, "अगं, भाऊच आहे."

जिंकली म्हणे! थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिने चिंगीला ठमीच्या खुंट्याला बांधलं, तिच्या कपाळावरून हात फिरवला. अगदी आईचंच कपाळ, मधोमध तोच पांढरा ठिपका. तेव्हा कुठे तिचा जीव जरा थाऱ्यावर आला.

पण संध्याकाळी चिंगीने पान्हा चोरला. थोरली बादली घेऊन बसली, कोमट पाण्याने कास धुतली, हलक्या हाताने चोळली, पुढ्यात पेंड ठेवली, सासूबाई धारेला म्हणायच्या ते गाणं गुणगुणून झालं. एक धार नाही. चिंगी मान वळवून वळवून दाराकडे बघायची आणि हंबरायची. कास तटतटली, हात लावला की गाय पाय झाडायला लागली. असं दूध आत तुंबलं की कास दगडासारखी होते, मग सुजते आणि एखादं आचळ कायमचं जातं, हे थोरलीला कुणी सांगायला नको होतं.

"डॉक्टरांकडून इंजेक्शन आणू का?" नवऱ्याने विचारलं.

"इंजेक्शनाने आजचं निघेल. उद्याचं काय करणार? तिला तिचं माणूस हवंय."

आणि तिचं माणूस तेवढ्यात दारात येऊन उभं राहिलं. धाकटीचे डोळे सुजले होते. चिंगी तिला बघून अशी हंबरली की थोरलीला आपल्याच गोठ्यात परकं वाटलं.

"ये गं, बस. सोडेल ती तुझ्या हाताने."

धाकटी उंबरा ओलांडेना. "दुकानात बसून गिऱ्हाइकांना सांगत होते, बायको अडाणी, हिनेच लसूण घातला, हिच्यामुळे नाक कापलं गेलं. मी म्हटलं, ताईंनी सांगितलं होतं. तर म्हणाले, वर खोटंही बोलते. सगळी माणसं मला हसली, ताई. आणि तुम्ही म्हणाला होतात, मी तुला कधी खोटं सांगितलंय का."

थोरलीने बादली हातात घेतली. "ते तुझ्यासाठी नव्हतं गं. त्याच्यासाठी होतं."

"पण सांगितलं मलाच ना? आता डेअरीत चला आणि तिथे सांगा. सगळी आत्ता दूध घालायला आलीत."

"सांगितलं तर निकाल फिरेल. चिंगी परत जाईल."

"जाईल."

थोरलीने बादली खाली ठेवली. आता हिला हाकलून द्यावं, दार लावावं, डॉक्टरांना बोलवावं, असं सगळं मनात येऊन गेलं. सगळ्या जगात एक चिंगी तेवढी तिला ठमीची म्हणून परत मिळाली होती, ती काय अशीच सोडायची? आणि कुणासाठी, त्या भुकटीसाठी? चिंगीने पुन्हा पाय झाडला आणि कण्हल्यासारखा आवाज काढला. तो आवाज थोरलीच्या ओळखीचा होता. ठमी असंच कण्हत होती, आणि दाराशी उभ्या एका माणसाला कारण ठाऊक होतं, आणि तो मूग गिळून बसला होता. आज कारण थोरलीला ठाऊक होतं.

"मेल्याने मला आपल्यासारखं करून ठेवलं," ती स्वतःशीच पुटपुटली, आणि तिने दावं सोडलं. "चल. बादली घे."

दोघी जावा आणि मधे गाय, अशी वरात डेअरीत शिरली तेव्हा माणसं कॅन घेऊन रांगेत उभी होती. दूध मोजणारा माप हातात धरून बघत राहिला. डॉक्टर नळावर हात धूत होते. आणि दीर ओट्यावर पाय हलवत बसला होता, बायकोच्या अडाणीपणाचा किस्सा रंगात आला होता.

"जरा ऐका सगळे," थोरली म्हणाली. तिचा आवाज मुळातच खणखणीत, त्यात तिने तो चढवला. "लसूण हिने आपल्या मनाने घातला नाही. धारेआधी द्यायला मी सांगितलं. मुद्दाम सांगितलं, दूध नासावं म्हणून. हिने माझ्यावर विश्वास ठेवला, एवढीच हिची चूक. निकाल फिरवा, काय करायचं ते करा. गाय यांची." आणि तिने दावं दिराच्या मांडीवर टाकलं.

दीर टुणकन उठला. "बघा! बघा लोकहो! मी म्हणत नव्हतो? ही बाई कसली आहे ती!"

"कसलीही असू दे. मी माझं वाक्य बोलले, भाऊजी. आता तुमचं."

"माझं कसलं आलंय?"

तेवढ्यात बादलीत धार वाजली. धाकटी तिथेच अंगणात चिंगीच्या पोटाला डोकं टेकवून बसली होती, आणि चिंगीने पान्हा सोडला होता. चर्र, चर्र. धाकटीने मान वर न करता म्हटलं, "ताईंनी सांगून टाकलं. तुम्हीही सांगा. मी रात्रंदिवस त्याच घरात राहते, मला काय ती ओली भिंत माहीत नाही?"

दिराने रांगेकडे पाहिलं. हसणारं तोंड एकही नव्हतं. त्याने दावं या हातातून त्या हातात घेतलं.

"पोत्याला खालून जरा ओल होती," तो पायांकडे बघत म्हणाला.

"मोठ्याने, भाऊजी. डॉक्टर नळापाशी आहेत."

डॉक्टरांनी नळ बंद केला होता. हात तसेच ओले धरून ते बघत होते.

"पोतं ओलं होतं! मला माहीत होतं!" दीर ओरडला. "मी बोललो नाही. माझ्या भुकटीने तुमची गाय मेली. झालं समाधान?"

झालं का? थोरलीने आत चाचपून पाहिलं. तिला वाटलं होतं की हे वाक्य ऐकलं की नाचावंसं वाटेल. तसं काही वाटलं नाही, पण छातीवर बसलेलं काहीतरी उठून बाजूला झालं, आणि दिराचा पडलेला चेहरा बघून तिला बरंही वाटलं. का खोटं बोला, चांगलंच बरं वाटलं. रांगेतले दोघे-तिघे मागे वळून एकमेकांना आपापल्या गोठ्यातल्या भुकटीच्या पोत्यांबद्दल विचारायला लागले होते. दीर दावं तिथेच ओट्याच्या खांबाला अडकवून कुणाशी न बोलता निघून गेला.

धाकटीने बादली भरत आणली. वर फेस आला होता आणि वासही आला, लसणाचा, सकाळपेक्षा कमी पण अजून होताच. थोरली तिच्या शेजारी उकिडवी बसली. चिंगीला कुठे न्यायचं हे धाकटीने विचारलं नाही, थोरलीने सांगितलंही नाही.

"हे दूध टाकून दे," थोरली म्हणाली. "आणि आता नीट वाळवलेली भुकटी घालशील ती धार झाल्यावरच घाल. धारेआधी उग्र काही नाही म्हणजे नाही."

धाकटीने हात पुसले आणि पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं.

"हे तरी खरं ना, ताई?"

साध्या "हो"वर आता भागणार नव्हतं. थोरलीने बादली उचलली आणि ते दूध आपल्याच हाताने ओतून दिलं.